रिकाम्या खोलीतला पंखा

कर्वेनगरातल्या त्या फ्लॅटमध्ये प्रत्येक स्विचबोर्डखाली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. 'खोलीत कोणी नसताना पंखा कोणाला वारा घालतो, याचा विचार व्हावा.' सलिलच्या वडिलांचं, यज्ञेश्वर साठ्यांचं अक्षर. तेहेतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून कमावलेलं, फळ्यावरून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं. बाथरूममध्ये पंखा नव्हता, तरी तिथेही एक चिठ्ठी होती. ती दिव्याबद्दल होती आणि जरा जास्त कडक होती.

रोज दुपारी दोनला बातम्या संपल्या की बाबा घरभर एक फेरी मारत, रिकाम्या खोल्यांमधलं जे जे चालू असेल ते बंद करत आणि मग आडवे होत. फेरी दोनला म्हणजे दोनलाच. खालच्या मजल्यावरच्या नंदाताईंचं भिंतीवरचं घड्याळ दोन वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. वरून सपातांचा आवाज यायचा, त्यामुळे सेल बदलायची वेळच आली नव्हती.

सलिल खराडीच्या एका कंपनीत नोकरीला होता. तिथे तो लोकांना 'एकदा बंद करून चालू करून बघा' असं अतिशय नम्रपणे सांगायचा. घरी मात्र त्याचा स्वतःचा डेस्कटॉप होता, आणि त्या डेस्कटॉपपुढे बसला की तो कोणीतरी वेगळाच असायचा. कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलाय त्यापेक्षा जोरात त्याला पळवायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. सलिल गेली तीन वर्षं हे करत होता. अमुक इतका वेग गाठला, असा स्क्रीनचा फोटो टाकला की जगभरातले बावीस लोक त्याला अंगठा दाखवायचे. त्यातल्या एकालाही तो ओळखत नव्हता आणि त्यातल्या एकालाही त्याने कधी निराश केलं नव्हतं.

एप्रिलमध्ये तनयाने त्याच्याकडे मदत मागितली. तनया शनिवार पेठेत राहायची, कॉलेजपासूनची मैत्रीण. अॅनिमेशनच्या एका शिष्यवृत्तीसाठी तिने चार मिनिटांची फिल्म केली होती. मंगल कार्यालयाबाहेर हरवलेली एक डावी चप्पल पुणंभर फिरून आपली जोडीदार शोधते, आणि शेवटच्या मिनिटात ती तिला सापडते. आठ महिने तिने या चपलेवर घालवले होते. सगळं तयार होतं. फक्त प्रत्येक चित्र संगणकाने रंग आणि सावल्या भरून पक्कं करून द्यायचं होतं. चित्रं होती पाच हजार सातशे साठ. तनयाच्या लॅपटॉपवर ते काम गणपतीपर्यंत चाललं असतं. फिल्म द्यायची होती सोमवारी सकाळी दहाच्या आत.

"माझ्याकडे होईल," सलिल म्हणाला. "रविवारी सकाळी दहाला फिल्म तुझ्या हातात."

"एवढ्या लवकर?"

"माझं मशीन आहे ते," तो म्हणाला. इथे गोष्ट थांबवता आली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी रात्री आठला त्याने काम सुरू केलं. नव्या वेगावर मशीन टिकतंय का, हे एक पूर्ण दिवस तपासून बघावं, असं सगळे जाणकार सांगतात. सलिलने अर्धा तास तपासलं होतं, तेही संध्याकाळच्या वाऱ्यात, इडली-सांबार खाता खाता. सांबार संपलं, मशीन टिकलं. मदरबोर्ड स्वस्तातला होता. प्रोसेसरला वीज पोचवणारे काळे चौकोनी तुकडे त्यावर उघडेबोडके बसलेले असतात आणि सगळ्यात आधी तेच तापतात. म्हणून त्याने मशीनच्या डब्याची एक बाजू काढून ठेवली आणि आईचा स्वयंपाकघरातला टेबल फॅन आणून समोर लावला.

"माझ्या फॅनपुढे कॉम्प्युटर बसलाय आणि मी गॅसपुढे," श्यामलाताई पोळी उलटत म्हणाल्या. "बरंय. पुढच्या जन्मी बोर्ड होईन."

बोर्ड फार तापला की मशीनचा वेग आपोआप कमी करणारी एक सोय असते. ती सारखी मध्ये मध्ये येत होती. सलिलने ती बंद करून टाकली.

शनिवारी सकाळी बाबा दारात येऊन उभे राहिले. "किती ताप आहे?"

"प्रोसेसरला ब्याऐंशी. बोर्डाला सत्त्याण्णव."

"तीनच कमी पडले. नाहीतर चहाच टाकला असता."

"चालतं त्याला एवढं, बाबा."

"त्याला विचारलंस?" बाबा चष्मा पुसत म्हणाले. "आणि नेहमीच्या वेगाने चालवलं तर कधी होईल?"

"उद्या संध्याकाळी सहाला."

"द्यायचं कधी आहे?"

"परवा सकाळी दहाला."

बाबांनी मनातल्या मनात वजाबाकी केलेली चेहऱ्यावर दिसली. उत्तरही आलेलं दिसलं. पण उत्तर विद्यार्थ्याने काढायचं असतं, या जुन्या सवयीने त्यांनी ते तिथेच ठेवलं आणि ते भाजी आणायला गेले.

साडेबाराला सलिल शनिवार पेठेत तनयाकडे गेला. तसं जायचं काही कारण नव्हतं. तिच्या आईने केलेलं पन्हं प्याला, किती चित्रं झाली असतील याचा हिशोब तिला तीनदा सांगितला, आणि रविवारी सकाळी फिल्म बघून झाल्यावर मिसळ खायला जायचं, असंही ठरवून टाकलं. तनया खूप हसत होती. उन्हात चाळीस अंश होते.

चारला तो घरी आला. खोली शांत होती. स्क्रीन काळी होती, जळक्या प्लॅस्टिकचा वास होता आणि टेबल फॅन बंद होता. बटणाखाली बाबांची चिठ्ठी.

बाबा झोपेतून उठून चहाची वाट बघत बसले होते. "बाबा, तुम्ही फॅन बंद केलात?"

"हो. दोनला. अरे, पण मी आत गेलो तेव्हा ते..."

"खोलीत कोणी नव्हतं, हो ना? मशीन होतं बाबा! मशीन होतं! जे कळत नाही त्याला हात लावू नये, एवढंही कळत नाही?"

श्यामलाताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. तेहेतीस वर्षं पोरांना उष्णतेचं वहन शिकवलेला माणूस मुलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं." आणि चहा न घेता गॅलरीत गेला.

बोर्ड मेला होता, आणि जाताना प्रोसेसरलाही घेऊन गेला होता. डिस्क वाचली. तिच्यावर दोन हजार सहाशे ऐंशी चित्रं होती, म्हणजे एक मिनिट बावन्न सेकंद. रविवारी सगळी दुकानं बंद, मित्रांची मशीनं तनयाच्या लॅपटॉपच्याच घराण्यातली, आणि भाड्याने मिळणाऱ्या ऑनलाइन मशीनच्या रांगेत नंबर लागला मंगळवारचा.

"काय झालं पण?" तनयाने फोनवर विचारलं.

"बाबांनी फॅन बंद केला," सलिल म्हणाला. तेव्हा त्याला ते खरंच वाटत होतं.

सोमवारी तिने आहे तशी फिल्म दिली. तिच्यात चप्पल दोन मिनिटं सुंदर रंगांत फिरते, लक्ष्मी रोडवर तिची सावलीसुद्धा पडते, आणि पुलावर येताच अचानक राखाडी होते. पुढची दोन मिनिटं राखाडी चप्पल राखाडी शहरात फिरते. शेवटी दोन राखाडी ठोकळे एकमेकांशेजारी येऊन थांबतात. त्यातली डावी कुठली, हे तनया सोडून कोणालाही सांगता येत नव्हतं. परीक्षकांनी मुलाखतीत विचारलं, की या राखाडीतून तुम्हाला समाजाबद्दल काय सांगायचंय? तनया खरं बोलली. त्यांनी आभार मानले.

इकडे रविवारीच बाबांनी ओलं फडकं घेऊन घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या होत्या, बाथरूममधलीसुद्धा. प्रत्येक स्विचखाली एक पांढरा चौकोन राहिला. दुपारची फेरी बंद झाली. माणसं नसलेल्या खोल्यांमध्ये पंखे दिवसभर फिरायला लागले.

"अहो, आतला पंखा!" श्यामलाताई म्हणायच्या.

"असू दे. कोणाचं काही चालू असेल."

बुधवारी नंदाताई जिना चढून वर आल्या. "काकांची तब्येत बरी आहे ना? नाही म्हणजे, आमच्याकडे तीन दिवस दोनच वाजले नाहीत."

त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, सलिलने ऑफिसात डिस्क एका मशीनला लावून पुन्हा नीट तपासली होती. बोर्डाचं तापमान दर मिनिटाला एका फाइलमध्ये लिहिलं जात होतं. एक वाजता एकशे चार. दीडला एकशे तेरा. शेवटची ओळ एक वाजून बेचाळीस मिनिटांची, एकशे एकोणीस. त्याखाली काही नव्हतं. त्याने फाइल बंद केली आणि पुन्हा उघडली. पुढचे दोन तास लोकांना जो सल्ला दिला, तोच स्वतःही पाळत राहिला. आकडा काही बदलला नाही.

बाबांची फेरी दोनची. एक बेचाळीसला टेबल फॅन पूर्ण वेगात फिरत होता.

हे बाबांना संध्याकाळी सांगायचं, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी लाइट गेले. मग शनिवारी सांगायचं ठरलं, तर आत्या आली. मग त्याने चांगली वेळ बघायचं ठरवलं, आणि चांगली वेळ त्या आठवड्यात कर्वेनगरात आलीच नाही.

निकाल लागल्यावर तनया आपल्या चित्रांची डिस्क घ्यायला आली. दार बाबांनी उघडलं. सलिल मागे डिस्क हातात धरून उभा होता.

"काका," तनया चपला काढता काढता म्हणाली, "त्या फॅनचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. तुम्हाला काय माहीत असणार?"

सलिलने बाबांकडे पाहिलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हो ना," ते म्हणाले. "चहा घेतेस?"

तिने घेतला. सलिलनेही घेतला. साखर जास्त झाली होती, तरी दोघांनी कप रिकामे केले.

पुढच्या शनिवारी, पावणेदोनला, बातम्या चालू असताना सलिल बाबांसमोर येऊन बसला. "बाबा, मशीन एक बेचाळीसलाच गेलं होतं. तुम्ही फॅन बंद करायच्या आधी."

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"स्क्रीन काळी होती. जवळ गेलो, तर वाससुद्धा आला. खोलीत कोणी उरलेलंच नव्हतं, म्हणून तर पंखा बंद केला."

"मग बोलला का नाहीत? तनयासमोर तरी?"

"तू उभा होतास ना तिथे." बाबांनी थोडा वेळ बातम्या पाहिल्या. "तिला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग मला काय सांगतोस? मला माहीतच होतं."

सलिल गॅलरीत गेला आणि त्याने तनयाला फोन लावला. सगळं सांगितलं: ती सोय बंद केल्याचं, अर्ध्या तासाच्या तपासणीचं, एक बेचाळीसचं.

"नेहमीच्या स्पीडने कधी झालं असतं?" तिने विचारलं.

"रविवारी. सहाला."

"संध्याकाळी?"

"हो."

"आणि द्यायचं होतं सोमवारी."

"हो."

"मग घाई कसली होती रे?"

मिसळीची, हे त्याला सांगता आलं नाही.

"काकांची मी माफी मागीन," ती म्हणाली. "तुझं बघू." आणि तिने फोन ठेवला.

तो आत आला तेव्हा दोन वाजून गेले होते. टीव्ही बंद होता. बाबा डोळे मिटून कॉटवर पडले होते, हात कपाळावर. घरातले सगळे पंखे चालू होते. सलिल उठवायला गेला नाही. त्याने आपल्या खोलीतला पंखा बंद केला, मग आईच्या खोलीतला, मग पॅसेजमधला दिवा. प्रत्येक बटणाखाली तो पांढरा चौकोन होता. सपाता त्याने मुद्दाम थोड्या आपटल्या. खाली नंदाताई असतील.

तो परत हॉलमध्ये आला, तेव्हा बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"स्वयंपाकघरातला राहिला," ते म्हणाले.