एकशे सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

माझा भाऊ रूडी हुडाक मेलाय, असं खाणीपुढचा दगड सांगतो. रूडी हॉलिवूडमध्ये सिनेमे काढतो. खाली गाडला गेला तो आमचा थोरला, एमिल.

आमच्याकडे खाणीत उतरताना आपापल्या नंबरचा पितळी बिल्ला फळीवर टांगायचा, वर आलं की काढायचा. टांगलेला बिल्ला म्हणजे माणूस खाली. शेवटचा बिल्ला निघेपर्यंत पाळीतलं कुणी घरी जात नाही. अपघाताच्या दिवशी रूडीला पिट्सबर्गला नाटकवाल्यांनी बोलावलेलं. खाडा झाला तर नोकरी जाणार. सुट्टीवरचा एमिल म्हणाला, "जा रे हिरो, तुझा बिल्ला मी टांगतो." छत कोसळलं. कंपनीने प्रेतंही काढली नाहीत. बिल्ले बघून नावं कोरली. रूडीने स्वतःचं नाव वाचलं आणि बस पकडली. आई एमिलच्या नावासाठी कंपनीचे उंबरठे झिजवून मेली. साहेब हसायचे, "खाली तो नव्हता, एमिल होता, अशी रूडीलाच येऊन सही करू दे की!"

रूडीने नाव बदललं. पहिल्या तीन सिनेमांत त्याने मुडद्याचं काम केलं. मग नायक झाला, मग दिग्दर्शक.

बावीस वर्षांनी तो स्वतःचं बालपण चित्रित करायला गावात आला. बापाची भूमिका स्वतःच करत होता. कथेत एमिल नव्हताच. फळी मात्र खरी हवी म्हणून युनियनच्या हॉलमधली उतरवून आणली. पाळी सुटण्याच्या प्रसंगात जुने खाणकामगारच आले, एकेक बिल्ला काढत गेले, मेलेल्या सोबत्यांचेही. रूडीसाठी एकच उरला. एकशे सत्तेचाळीस.

त्याचा हात हवेतच राहिला. "दुसरा द्या."

"का रे?" त्यांच्यातला म्हातारा स्टॅश म्हणाला. "तुझाच तर आहे."

मी बावीस वर्षं जपलेला कागद पुढे केला. "रूडी, खाली एमिल होता एवढंच लिहिलंय. सही कर."

"वेरोना, सगळ्यांसमोर कशाला गं?"

"सगळ्यांसमोरच."

त्याने पेन घेतलं आणि झोकात सही ठोकली. पडद्यावरच्या नावाने. सवयीने. त्या नावाचा माणूस आमच्या खाणीत कधी नव्हता. ती सही फुकट गेली.

"रूडी हुडाक लिही."

पेन टेकलं. हललं नाही. त्याने ते माझ्या हातात दिलं आणि गाडीत जाऊन बसला. गाडी गेली. सिनेमावाले आवराआवर करू लागले, म्हातारे मात्र फळीसमोरून हलेनात; एकशे सत्तेचाळीस अजून टांगलेलाच होता.

"चला घरी," मी म्हणाले. "खाली राहिलेला एकजण काय आता वर येत नाही."

"एक नाही, पोरी," स्टॅश म्हणाला. "दोघं."