नळाखाली भरलेली बाटली

दोष काकांचा. माझा नंबर त्यांच्यानंतर. मी यीस्ट बोलतोय, म्हणजे बुरशीच. पाव फुगवतो तो आमच्यातला सोज्वळ चुलतभाऊ. मी पोहण्याच्या तलावातला.

कोणाच्या तरी अंगावरून पाण्यात उतरलो. पुरेसं क्लोरीन असतं तर त्याच दिवशी संपलो असतो. पण सभासदांचे डोळे चुरचुरतात म्हणून काकांनी ते कमी केलेलं. फरशांच्या सांध्यांत माझा संसार वाढला.

तलाव काका चालवायचे. बुडणाऱ्याला बाहेर काढायला पुतण्या. दर महिन्याला पाण्याची बाटली तपासणीला जायची. काका ती पुतण्याकडून ऑफिसातल्या नळाखाली भरून घ्यायचे.

"काका, तलावातलं मागितलंय त्यांनी."

"मग नळाला काय गटार जोडलंय? भर गुमान."

त्याने भरली. अहवाल स्वच्छ आला.

त्याच्या उजव्या कानात शिरलो तेव्हा नुसती खाज होती. मग कान गच्च झाला. त्याला पाण्याचा संशय आला, काकांना त्याचा.

"सुट्टी हवी तर तोंडाने माग. कान कशाला पुढे करतोस?" असं म्हणून काकांनी कपाटातले स्वतःचे जुने थेंब दिले. "माझा कान यानेच बरा झाला."

ते औषध जिवाणू मारायचं. मी जिवाणू नाही. मला दाबून ठेवणारे शेजारी मेले आणि सगळा कान मला मोकळा झाला. तरी पठ्ठ्या रोज तीनदा थेंब घालत राहिला. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणे. हे शिकवतात कोण? वडीलधारेच.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी कानात पाहिलं. "बुरशी आहे. कुठल्या पाण्यात उतरता?"

"तपासलेलं आहे हो ते," तो म्हणाला. दुसरं काय सांगणार? बाटली त्यानेच भरलेली. बाईंनी विश्वास ठेवला. संशय घ्यायची हीच वेळ होती.

"महिनाभर पाणी बंद," बुरशीचं औषध लिहून देत त्या म्हणाल्या.

"महिनाभर?" काका म्हणाले. "कापूस घाल आणि उतर."

तो उतरला.

बाईंच्या औषधाने त्याच्या कानातून मी उशिरा का होईना गेलो. तलावात अजून आहे. तुम्ही याल तेव्हा दारावरचा अहवाल वाचत बसू नका. काठाच्या फरशीवर बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर सरळ घरी जा.

कमी ऐकू येणारा माणूस तलावावर चालत नाही, असं त्याला काकांनीच सांगितलं. त्याची नोकरी गेली. मी आत होतो तेवढ्यात उजव्या कानाचा पडदा फाटलाय. त्या कानाने त्याला ऐकू येत नाही.