एका तासाची बैठक

साहेब, माझी नोकरी तुम्ही घालवलीत. कंपनीने नाही, वसुलीला येणाऱ्या पोराने नाही. तुम्ही.

माझा धाकटा भाऊ तुमच्याच खात्यात वकील. बायकांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांनी कसं वागावं, त्याचे नियम लिहून लिहून त्याचे केस पिकले. गटातली एक जरी हप्ता घेऊन आली नाही, तरी बाकीच्यांना उठू देत नाहीत, हे त्याला मीच सांगितलं. त्याने नियम लिहिला: बैठक तासाभरात संपलीच पाहिजे. तुम्ही सही केलीत. पेपरात फोटो आला. तुमचा.

आमचा गट शिलाईवालीच्या खोलीत बसतो. पुढच्या बैठकीला वसुलीवाला भिंतीवरचं घड्याळ घेऊन आला, खिळासुद्धा सोबत. त्या दिवशी आमच्यातली एक आलीच नव्हती. तास भरला तसा तो उठला. "बैठक संपली. व्हा सगळ्या बाहेर."

आम्ही बाहेर आलो, चपला घातल्या. तो दारातच उभा. "आता आत चला. दुसरी बैठक."

"आणि ही कधी संपणार?" मी विचारलं.

"तासाभरात, मावशी. नियम म्हणजे नियम. जी निघून जाईल, तिच्या अख्ख्या गटाचं पुढचं कर्ज बंद."

शिलाईवालीला नवं मशीन घ्यायचं होतं. तिने माझा हात धरला आणि सोडला नाही. म्हणाली, "बस गं. मधे पाय तरी मोकळे झाले. तुझ्या भावाची कृपा."

मी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होते. आता एकदा जरी उशीर झाला, तर पुन्हा येऊ नकोस, असं मुख्य आचाऱ्याने बजावलं होतं. तिसऱ्या बैठकीत न आलेलीचा हप्ता आम्हीच वर्गणी काढून भरला, तेव्हा सुटले. पोचले, तेव्हा माझ्या शेगडीवर दुसरीच बाई उभी होती. आचारी म्हणाला, "वेळ पाळायला शीक." मी म्हटलं, "आज तीनदा पाळली."

जी आली नव्हती, ती त्याच इस्पितळात दाखल होती. त्या दिवशी तिलाही जेवण उशिराच मिळालं.

भावाने एकच वाक्य वाढवून तुमच्यासमोर ठेवलं: एका दिवशी एका गटाची एकच बैठक. तुम्ही म्हणालात, बैठका तिप्पट झाल्यात, म्हणजे बायकांचा सहभाग वाढलाय, याला हात लावू नका. अहवालात तसंच छापलंत.

"ताई, दुरुस्तीला वेळ लागतो," तो घरी येऊन म्हणाला. ताटातलं तसंच होतं.

"किती वेळ?"

"साहेबांच्या मनावर आहे."

"मग तू तिथे कशाला आहेस रे?"

तो ताट सोडून उठला. त्याचा राग नाही मला. त्याने लिहिलं ते चांगलंच लिहिलं. घड्याळ त्याने नव्हतं आणलं.

मग मीच तुमच्या कार्यालयात आले. दारावरचा शिपाई म्हणाला, साहेब बैठकीत आहेत. बाकावर बसले. बऱ्याच वेळाने तुम्ही बाहेर आलात, माझ्यासमोरून जिना उतरलात आणि गाडीत बसून गेलात. दारात आडवं कोणी आलं नाही. तुम्हाला परत आत चला म्हणून कोणी सांगितलं नाही.

म्हणून लिहून विचारते. तुमची बैठक संपली की तुम्ही घरी जाता. माझी संपल्यावर मला का जाता येत नाही? भावाला मधे घालू नका. तुम्ही सांगा.