पेवावरचा काळा दगड

मी पेवाच्या तोंडावरचा दगड. बोलतोय तो मीच, इकडंतिकडं बघू नका. मुखेडहून पायवाटेनं निघालात की दुसऱ्या ओढ्यापलीकडं शेषेरावांचं घर लागतं. त्या अंगणात कडुनिंबाखाली मी पडून आहे. काळा, दीड हात रुंद, एका कडेचा टवका उडालेला. लोक मला निर्जीव समजतात आणि माझ्यासमोर खुशाल काहीही बोलतात. ऐकून ऐकून माझं मन जड झालंय, म्हणून आज बोलायला बसलोय.

माझा जन्म आगीतला. किती वर्षं झाली ते विचारू नका, तेव्हा मोजायला कुणी नव्हतं. जमीन फाटली, कोसच्या कोस लांब भेग पडली आणि तिच्यातून आम्ही बाहेर आलो, लालभडक, गुळाच्या पाकासारखे पातळ. मोठा स्फोट वगैरे काही झाला नाही. नुसते पसरत गेलो आणि वाटेत आलं ते गिळत गेलो. एक थर निवायचा, त्याच्यावर दुसरा यायचा. बालाघाटाच्या डोंगरांना ज्या पायऱ्या दिसतात ना, ते आमचेच एकावर एक पडलेले थर. निवताना पोटातला वायू बुडबुड्यांनी निघून गेला, त्याची बारीक भोकं अजून माझ्या अंगावर आहेत. बायका त्यांना देवीचे व्रण म्हणतात.

मग पुष्कळ काळ मी डोंगरात गप्प पडून होतो. एक दिवस व्यंकट नावाचा वडार आला. त्यानं मला सुतकीनं, म्हणजे दगडफोडीच्या हातोड्यानं, ठोकून पाहिलं आणि ‘मंचि राई’ म्हणाला. त्याच्या तेलुगूत, चांगला दगड. चांगला म्हणाला आणि लगेच छिन्नी लावली! टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. घाव मीही सोसले. पण माझ्या शेजारच्या दगडाचा मारुती झाला आणि मी पेवाचं झाकण झालो. आता कुणाच्या नशिबात काय लिहिलेलं असतं!

पेव म्हणजे जमिनीखालची धान्याची कोठी. गावठाणातल्या पांढऱ्या मातीत रांजणासारखा खड्डा खोदायचा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत कडब्याचं अस्तर, वर ज्वारी. मग तोंडावर पाचट, पाचटावर मी आणि माझ्यावर माती लिंपलेली. आत ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं होती. लेव्हीत, म्हणजे सरकारी वसुलीत, धान्य सक्तीनं घालावं लागे, त्यामुळं घरात उरलेलं चार पोती धान्य पेवातच बरं असं सगळ्यांना वाटे.

पेव उघडायची या घरात एक रीत होती. सकाळी मला बाजूला करायचे. मग शेषेरावांच्या बायकोनं, गुणाबाईनं, दुरडीत पणती ठेवून ती दोरीनं आत सोडायची. पणती तेवत राहिली तर माणूस उतरणार. विझली तर गुणाबाई म्हणायच्या, “लक्ष्मी निजलीय अजून, उठवू नका.” मग त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. पेव रात्रभर उघडं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पणती. असं का, हे कुणी विचारत नसे. सासूनं सांगितलं, सुनेनं ऐकलं.

घरात माणसं थोडी. शेषेराव करारी, मोजकं बोलणारे. त्यांचा धाकटा भाऊ किशनराव. आईबाप लवकर गेले, तेव्हा शेषेरावांनी या भावाला खांद्यावर घेऊन वाढवलेलं. किशनराव सदा हसता, सदा घाईत. जेवायलासुद्धा उभ्यानंच बसायचा म्हणा ना. आणि शेषेरावांची चौदा वर्षांची लेक सिंधु. तिचं लग्न देवणीकडं ठरून गेलं होतं. ओसरीवरच्या खोलीत अनंतराव मास्तर राहत, नांदेडचे. दिवसा सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मुलांना उर्दूतून शिकवायचे. संध्याकाळी घरी आले की माझ्यावर बसून सिंधुला तोच धडा मराठीत सांगायचे. तिला शाळा नव्हती, पण चौकसपणा मास्तरांच्या सगळ्या वर्गापेक्षा जास्त.

एकदा मास्तर म्हणाले, “आज मदरशात आतिशफिशांचा धडा झाला. म्हणजे ज्वालामुखी.” मी कान टवकारले. माझ्याच अंगावर बसून माझंच जन्मवृत्त!

मास्तर मातीत काडीनं चित्रं काढत सांगू लागले. काही ज्वालामुखी शंकूसारखे उंच असतात. त्यांचा रस दाट. तो नरड्यात अडकतो, खाली वाफ आणि वायू कोंडत जातात आणि मग एकदम डोकंच उडतं. दगड, राख, धूर. काही ढाल पालथी घातल्यासारखे पसरट. त्यांचा रस पातळ, तो शांतपणे वाहतो. आणि काहींना डोंगरच नसतो, जमिनीची भेग हेच त्यांचं तोंड. “आपला सगळा मुलूख तसाच झालाय,” असं म्हणून त्यांनी माझ्यावर थाप मारली. “हा दगडसुद्धा.”

किशनराव बैलांना पाणी दाखवून येत होता. “मास्तर, मंग परत फुटला तर? आमच्या ज्वारीचं काय व्हईल?”

“नाही फुटायचा. काही जागे असतात, काही निजलेले, काही मेलेले. आपला मेलेला.”

“बरं झालं बाप्पा. लेव्हीच पुरून राहिली आमाला.”

सिंधुला हसू आलं नाही. तिनं विचारलं, “रस आला तर माणसं पळून जात न्हाईत व्हय?”

“रसापुढं पळता येतं गं, तो हळू चालतो. घरंदारं जातात, माणूस वाचतो. पण तापलेल्या राखेचा लोट डोंगरावरून उतरतो ना, त्याच्यापुढं घोडा पळत नाही. राख छपरावर साठते, पावसानं भिजून जड होते आणि छप्पर माणसांवर बसतं. त्याच राखेचा चिखल होऊन ओढ्यानं येतो, गावंच्या गावं पुरतो.” मास्तरांनी काडीनं मातीत एक खळगा काढला. “आणि वायू. त्यातला एक वायू तर दिसत नाही, त्याला वास नाही. हवेपेक्षा जड, म्हणून सखल जागी जाऊन बसतो. गुरं खोलगट जागी चरायला उतरतात आणि तिथंच बसतात, उठत नाहीत. गुराखी त्यांना उठवायला जातो, तोही पडतो. मग दुसरा जातो पहिल्याला काढायला.”

“दुसरा कशाला गेला पण?”

“पहिला त्याचा भाऊ असेल.”

 काडी उचलून सिंधु मातीत उगाच रेघा ओढत बसली. मला आठवतं, त्या दिवशी तिनं पुढचा धडा मागितला नाही.

त्या वर्षी पेव अर्धं काढून झालं होतं. वैशाखात उरलेल्या ज्वारीवर मला पुन्हा ठेवून मातीनं लिंपलं. मग वळवाचे दोन जोरकस पाऊस झाले. लिंपण नीट वाळलेलं नव्हतं. माझ्या टवक्याच्या बाजूनं ओल आत झिरपत होती. मला ती कळत होती, आतल्या कोंदट उबाऱ्यानं माझं पोट घामेजत होतं. पण सांगणार कुणाला?

ज्येष्ठातला एक दिवस. दुपारी गावात हूल उठली की उद्या लेव्हीवाले येणार आणि पहारी घालून पेवं शोधणार. शेषेराव म्हणाले, “आजच काढून घेऊ. मास्तरांच्या खोलीत कडब्याखाली ठिवू.” किशनराव पहार घेऊन आलाच होता. दोघा भावांनी मला उलथलं आणि मी कडुनिंबाच्या बुंध्याशी जाऊन पडलो. तिथून पेवाचं तोंड मला सरळ दिसत होतं.

गुणाबाई पणती घेऊन आल्या. दुरडी आत सोडली. दोन हात खाली गेली असेल, पणती विझली. वर काढून पुन्हा लावली, पुन्हा विझली.

“लक्ष्मी निजलीय,” गुणाबाई म्हणाल्या. “आज नगं, भावजी.”

किशनराव हसला. “वैनी, उद्या लेव्हीवाले तिला निजलेलीच उचलून नेतील की!”

“किशन, दोर कंबरंला बांध,” शेषेराव म्हणाले.

“कशाला? दोन पुरूस खोल हाय, ईहीर थोडीच हाय!” त्यानं दोर हातात धरला आणि उतरला. त्याचं मुंडासं पेवाच्या तोंडातून खाली जाताना मी पाहिलं. मग त्याचा आवाज आला, “दादा, इथं लई...” आणि पुढं काहीच नाही. दोर सैल पडला.

शेषेरावांनी दोनदा हाक मारली. मग धोतर खोचून ते पेवाकडं धावले, एक पाय आत घातला. तेवढ्यात सिंधु ओसरीवरून आली आणि बापाच्या दुसऱ्या पायाला मिठी मारून जमिनीवर आडवी पडली.

“अप्पा, उतरू नगा! दिवा विझलाय! तिथं हवा न्हाई, मास्तर सांगितले तो वायू हाय तिथं!”

“सोड! माझा भाऊ हाय आत!”

“न्हाई सोडत! तुमी बी ऱ्हाल तिथंच! आई, काकाला गळ लावा, विहिरीचा गळ!”

गुणाबाई गळ आणायला पळाल्या. शेजारची माणसं धावून आली. कुणी घोंगडी हलवून आत वारा घातला. गळ धोतरात अडकला, निसटला, पुन्हा अडकला. शेषेराव तिथंच बसले होते, एक पाय आत, एक लेकीच्या मिठीत, आणि भावाच्या नावानं ओरडत होते. किशनराव वर आला तेव्हा त्याच्या केसांत ज्वारीचे दाणे होते. अंग गरम होतं. पण तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी लेव्हीवाले आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. नुसती हूल होती.

शेषेरावांनी पेव दगडमातीनं बुजवून टाकलं. ती ज्वारी कुणी खाल्ली नाही, त्यांनी वर काढूच दिली नाही. मी जिथं पडलो होतो तिथंच राहिलो. आणि शेषेराव सिंधुशी बोलायचे बंद झाले. तिनं तांब्या पुढं केला तर ते उठून रांजणातून हातानं पाणी घेत. ती अंगणात आली की गोठ्यात जात. गावात बायका कुजबुजत, पोरीनं धरून ठेवलं म्हणून चुलता मेला. ते तिच्या कानावर जायचं. ती माझ्यावर येऊन बसायची, चित्रं काढायची नाही, मास्तरांना काही विचारायची नाही. मला तिचं ओझं कधीच नव्हतं, पण त्या दिवसांत तिचं बसणं मला पेलवत नसे.

एकदाच तिनं विचारलं. “मास्तर, अप्पा उतरले असते तर काका वाचला असता का?”

“नाही बाळ. दोघं गेले असते.”

“मग हे अप्पांना सांगा ना. त्यांना वाटतं, म्या काकाला मारलं.”

मास्तरांनी संध्याकाळी शेषेरावांना माझ्यावर बसवलं. नीट समजावून सांगितलं: धान्य ओलावलं की तेही हवा खातं आणि तोच जड वायू सोडतं, जो ज्वालामुखीतून येतो. पोरीनं तुमचा जीव वाचवला. शेषेराव खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, “मला ठाव हाय, मास्तर. त्याच दिशी कळलं.”

“मग तिच्याशी बोलत का नाही?”

शेषेरावांनी आधी बुजवलेल्या पेवाकडं बघितलं. मग इतक्या हळू बोलले की वाकल्याशिवाय मास्तरांना ऐकू गेलं नसतं.

“चौदा वर्साची पोर ती. तिच्या हाताला किती जोर असंल, मास्तर? मी दोन बैल एकटा आवरतो. मला सुटता आलं असतं. म्या सोडवून घेतलंच न्हाई. वरडत बसलो नुसता.” त्यांनी तोंडावरून पंचा फिरवला. “तिला बघितलं की ते आठवतं. हे तिला सांगू नका. शपथ हाय तुमाला.”

मास्तरांनी शपथ पाळली. पुढं त्यांची हदगावला बदली झाली. मार्गशीर्षात सिंधुचं लग्न झालं आणि ती देवणीला गेली. निघताना बापाच्या पाया पडली, त्यांनी मान फिरवली. निजामाचं राज्य गेलं, गावात झेंडे लागले, त्या गडबडीतच शेषेराव तापानं गेले. सिंधु तिसऱ्या दिवशी पोचली. माझ्यावर बसून तिनं आईला विचारलं, “आई, अप्पा माझ्यावर राग धरूनच गेले ना गं?” गुणाबाईंना काय ठाऊक? त्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि दोघी रडल्या. मास्तर हदगावला, इथं उत्तर फक्त मला ठाऊक होतं. त्या दिवशी मला माझ्या दगडपणाची जितकी चीड आली तितकी कधी आली नव्हती.

त्यानंतर सिंधु आली नाही. गुणाबाई थकल्या आहेत. माझ्यावर आता शेजारणी गोधड्या आपटून धुतात, त्याचं मला काही नाही. पण तुम्ही जाणारी-येणारी माणसं. तुम्हाला पाय आहेत, जीभ आहे, आणि शपथ तुम्हाला कुणी घातलेली नाही. देवणीच्या बाजारात सिंधु नावाची बाई भेटली, माहेर मुखेडकडचं सांगणारी, तर जरा थांबा. तिला सांगा, त्या दिवशी तुझे अप्पा तुझ्या हातांत अडकले नव्हते. ते आपणहून थांबले होते, आणि ती शरम त्यांना तुला सांगवली नाही. राग होता, पण तुझ्यावर नव्हता.