इंजिन निवेपर्यंत

वाचनालय चालवणाऱ्या शू-फेनबाईंच्या पत्राला शिए मिंग-ताओंनी सहा आठवडे उत्तर दिलं नव्हतं. आमचे नऊ वाचक अंथरुणाला खिळलेत, घरी पुस्तकं नेऊन थोडं वाचून दाखवाल का? मात्र ताइनान शहराच्या बोळांतून फिरायला मोटारसायकल लागेल, एवढंच पत्रात होतं. शिएंनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली होती. वाचणं जमलं असतं. तरुणपणी गाडीही चालवली होती. पण घ्यायची म्हणजे दुकानदाराशी बोलणं आलं, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

अखेर एका सकाळी ते कुओबाईंच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात शिरले. बाईंनी निळी सव्वाशे सीसीची गाडी पुढे ओढून किक मारली.

"बघा काका, अर्ध्या किकेत!"

शिएंनी भीत भीत इंजिनाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. गार असताना रुसणारी गाडी अशीच आधी तापवून खपवतात, हे त्यांनी एका पुस्तकात वाचलं होतं.

"ही... तापलीय," ते पुटपुटले.

"उन्हात होती ना!"

दुकानात उन्हाचा कवडसाही नव्हता. पण वाद घालणार कोण? "मग निवू दे. मी थांबतो."

"अहो, दोन तास लागतील!"

"पुस्तक आणलंय मी."

आणि ते स्टुलावर बसून खरंच वाचू लागले.

"हे कोण?" येणारी गिऱ्हाइकं विचारत.

"गाडी निवायची वाट बघतायत," दुकानातला मेकॅनिक हसून सांगे.

तिसऱ्या गिऱ्हाइकाने हसता हसता स्वतः बघत असलेल्या गाडीच्या इंजिनाला हात लावला. चौथ्यानेही लावला. कुओबाईंनी कपाळाला.

"उठा हो काका, धंदा बुडवाल माझा! निळी सोडा. ही माझ्या वापरातली घ्या, मला नवी घ्यायचीच आहे. कालपासून हललेली नाही."

इंजिन गारढोण होतं. पहिल्या किकेला गाडीने नुसती धाप टाकली, दुसरीला सुरू झाली. धूर नाही, खडखड नाही.

"भाव?"

"निळीचाच. वर हेल्मेट फुकट. पण पुन्हा पुस्तक घेऊन येऊ नका!"

दुपारी कागद नावावर झाले. चौकात डावीकडे वळणाऱ्या दुचाकींना थांबण्यासाठी रस्त्यावर आखलेल्या पांढऱ्या चौकटीत शिए पन्नासेक गाड्यांमध्ये उभे राहिले. दिवा हिरवा झाला आणि ते चक्क सगळ्यांच्या पुढे निघाले. मागून कुणीतरी हॉर्न दिला. शिएंनीही दिला, उलट आणखी लांबलचक.

टपाल कचेरीत त्यांनी उभ्या उभ्या शू-फेनबाईंना कार्ड लिहिलं: 'उशिराबद्दल क्षमा. सोमवारपासून येतो. पहिलं घर सर्वांत अरुंद बोळातलं द्या.' पेटीच्या तोंडाशी कार्ड जरासं अडकलं. त्यांनी ते आत ढकललं.