पेन्सिलचा ठिपका

आतल्या खोलीत खण ओढल्याचा खर्र आवाज झाला आणि दुपारची शांतता मोडली. मी तो हेडफोनमधून ऐकला. दार लोटलेलं होतं. भुंगीच्या उशाशी माइक ठेवला होता आणि त्याचा आवाज मी बनवत असलेल्या नव्या फिल्टरमधून कानात येत होता. एका दगडात दोन पक्षी: लेकीवर लक्ष आणि फिल्टरची चाचणीही. भुंगी चार वर्षांची. सारखी गुणगुणते, म्हणून भुंगी.

हा फिल्टर आवाजातली एक अरुंद पट्टी तेवढी कापतो. कुठली, ते नॉब फिरवून ठरवायचं. "एक पांढरा केस उपटायचाय, टक्कल नाही पाडायचं," असं आमचे साहेब म्हणतात. नॉबच्या एकाच दांड्यावर वीज कमीजास्त अडवणारे दोन रोधक असतात, ते अगदी बरोबरीने फिरले तरच पट्टी नीट कापली जाते. भुंगीच्या झोपेच्या वेळात, आठवडाभर, ते काही जमत नव्हतं. त्या दुपारी जमलं. पंख्याची घरघर पार गेली.

तेवढ्यात भुंगी रडायला लागली. "आईऽ."

झोपमोड झाली असेल, लागेल पुन्हा डोळा, असं वाटलं. खरं तर वाटून घेतलं. हात नॉबवरच होता, तो सहज थोडा पुढे नेला. एका जागी रडणं पातळ झालं, शेजारच्या घरातल्या कुणाचं तरी असावं तसं. इतकं छान जमलं होतं की सवयीने मी नॉबच्या कडेला, फिल्टरच्या पेटीच्या पत्र्यावर, पेन्सिलने ठिपका दिला आणि वहीत आकडे मांडत बसले. पाच मिनिटं. कदाचित सात.

आत गेले तेव्हा तिचं बोट खणाच्या फटीत अडकलेलं होतं. नख काळंनिळं, आणि रडून रडून आवाज बसलेला.

संध्याकाळी सासूबाईंनी बोटाची पट्टी पाहिली. "ऐकू नाही आलं होय गं?"

"हेडफोन होता ना कानात."

खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

"जाऊ दे. आईला काय दहा कान असतात?" त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. चार शब्द सुनावले असते तर सोपं गेलं असतं.

"तिच्या कानातच फिल्टर आहे," नवरा म्हणाला. "माझी हाक तर लग्नापासून पोचलेली नाही." सगळे हसले. भुंगीसुद्धा हसली, बोट वर धरून.

दुसऱ्या दिवशी मी ठिपका खोडून टाकला. पेन्सिल जोरात टेकवली असावी, पत्र्यावर बारीकशी खाच राहिलीच.

आज ती माझ्या मांडीवर येऊन बसली. "मला दे ना कानात."

दिलं. हेडफोन तिच्या डोक्यावरून घसरत होता, मी दोन्ही बाजूंनी धरून ठेवला. तिने माइकमध्ये गुणगुणून पाहिलं, खुदकन हसली. मग नॉब फिरवायला लागली. खाच दिसली तशी नॉबची रेघ तिने मुद्दाम त्या खाचेसमोर आणून थांबवली. चित्र जुळवतात तशी.

"आई," ती माइकमध्ये म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "आईऽ."

हसू गेलं. तिने माझा हात बाजूला सारून एक कान मोकळा केला आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"आई, मी एवढी लांब कशी गेले?"