हात पुढं

कामावरच्या दुपारच्या सुट्टीत निशिगंधा अंगणवाडीच्या दारातच उकिडवी बसली, मुलीची हनुवटी दोन बोटांत धरली आणि तोंडाजवळ नाक नेऊन शेंगदाण्याचा वास येतो का ते पाहिलं. तीन वर्षांच्या खुशीला याची सवय झाली होती. तिने आपण होऊन जीभ बाहेर काढली.

"मावशी, फल्ली खाल्ली इनं."

"उसळ खाल्ली," वच्छलाबाई म्हणाल्या. "मटकीची. फल्लीचा एक दाना नाई देल्ला मी तिले. तिच्या वाट्याचा फल्लीचा लाडू सेविका दीपाबाईनं कपाटात ठेवला हाये, पाह्य पाहिजे तं."

"मंग हे काय हाये?" निशिगंधेने मुलीची बाही वर सारली. मनगटाभोवती लाल, खरबरीत चट्टे उठले होते. दोन ठिकाणी नखांनी ओरबाडून पाणी सुटलं होतं. "काल रविवारी घरी होती तं कशी निवली होती कातडी. आज इथं आली अन् झालं सुरू."

एवढ्यावर ती थांबली नाही. आत जाऊन तिने उसळीचं पातेलं उघडलं आणि पळीने तळ ढवळून पाहिला. वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. बोरी अरबच्या या अंगणवाडीत त्या सव्वीस वर्षं मदतनीस होत्या. झाडायचं, पाणी भरायचं, शिजवायचं, घरोघर जाऊन पोरं गोळा करून आणायची. या काळात सेविका तीन झाल्या, मदतनीस एकच. या बाईच्या नवऱ्याचा शेंबूड त्यांनी आपल्या पदराने पुसला होता आणि आज ही बाई त्यांच्या पातेल्याचा तळ तपासत होती.

खुशीला इसब होता. आधी गावाला वाटलं खरूज आहे. दोघीतिघींनी आपली पोरं तिच्याजवळ बसवायची बंद केली, तेव्हा निशिगंधा तिला यवतमाळला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, हा एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग नाही, मुलीची कातडीच कोरडी आहे, जपावी लागेल. त्यांनी मलम दिलं, साबणाऐवजी अंगाला लावायचं एक औषध दिलं आणि सांगितलं, पोटात काय जातं आणि अंगाला काय लागतं, दोन्हींवर नजर ठेवा, वहीत लिहा. निशिगंधा ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसायची, लिहायला ती कोणाला हार जाणारी नव्हती. पण 'पोटात' हा शब्द तिने असा घट्ट धरला, की 'अंगाला' वाटेत कुठे गळून पडला ते तिला कळलंच नाही. डॉक्टरांना न विचारता तिने अंडं बंद केलं, मग दूध बंद केलं, मग घरातून शेंगदाणा हद्दपार झाला. वहीत मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. सोमवार ते शनिवार चट्टे वाढत आणि रविवारी कमी होत. म्हणजे जे काही होतं ते अंगणवाडीत होतं. संशयाला तेवढा आधार पुष्कळ झाला.

त्याच आठवड्यात तिने पर्यवेक्षिकेकडे अर्ज दिला. पर्यवेक्षिका आल्या, वच्छलाबाईंना समोर उभं करून चार प्रश्न विचारले आणि जाताना म्हणाल्या, "पुन्हा तक्रार आली तर मला वर कळवावं लागेल, बाई." निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नळावरच्या बाया वच्छलाबाई आल्या की आवाज खाली आणू लागल्या. एका आईने तर पोराला घरूनच पोळी बांधून दिली. वच्छलाबाईंच्या जिवाला ते फार लागलं. जन्मभर कमावलं ते एवढंच होतं, लोक डोळे मिटून लेकरू हाती देत होते.

आणि का देणार नाहीत? रोज सकाळी पोरं आली की वच्छलाबाई त्यांची रांग लावायच्या आणि खणखणीत आवाजात म्हणायच्या, "हात पुढं!" पंचवीस-तीस चिमुकले हात पुढे यायचे. नखं तपासली जायची. मग एकेकाला नळाखाली धरून लाल औषधी साबणाने कोपरापर्यंत हात, तोंड आणि गुडघ्यापर्यंत पाय घासून निघायचे. करोनापासून तर हा सोहळा दिवसातून तीनदा व्हायचा. साबण सरकारी नव्हता, वच्छलाबाई तो स्वतः आणायच्या आणि त्याचा गाजावाजा करत नव्हत्या. "माह्या अंगणवाडीतलं लेकरू घरी जाते तं मायनं मुका घ्यावा असं जाते," असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंही होतं.

आपण काही दिलं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे दुसरं कोणीतरी देत होतं. दुपारी पोरीला घ्यायला तिची आजी यायची आणि निशिगंधा घरी येईपर्यंत पोर आजीच्याच ताब्यात असायची. वच्छलाबाईंच्या डोक्यात चक्र फिरलं. त्या सरळ इकबालच्या किराणा दुकानात गेल्या.

"इकबाल, खुशीची आजी काय नेते रे तुह्या दुकानातून?"

"मावशी, तुम्ही पोलिसात कवा लागल्या?" इकबाल हसला. "काय नेईन बुढी? बिस्कुटाचा पुडा. त्या बाकड्यावर बसते, पोट्टीले आपल्या हातानं चारते अन् पदरानं तोंड पुसून घरी नेते."

"तोंड पुसते?"

"साफ पुसते. तुमचं काय देऊ? लाल साबण? महिन्याले पाच वड्या नेता तुम्ही. अंगणवाडीत लेकरं धुता का म्हशी?"

वच्छलाबाईंनी साबण पिशवीत टाकला. त्यांचं त्याच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. पदराने तोंड पुसणारा माणूस काहीतरी लपवतोच, एवढंच त्यांनी तिथून उचललं. दुसऱ्या दिवशी निशिगंधा मुलीच्या तोंडाचा वास घ्यायला वाकली, तेव्हा त्यांनी ते तिच्या कानात टाकलं.

"माह्या पातेल्यात काय पाह्यतं? तुही सासू काय चारते ते पाह्य. इकबालच्या दुकानासमोर, रोज."

निशिगंधेचा चेहरा पडला. तिच्या वहीत सासूचं नाव कुठेच नव्हतं.

शनिवारी ती मुलीला पुन्हा यवतमाळला घेऊन गेली आणि सोमवारी डॉक्टरांचा कागद अंगणवाडीत देऊन कामावर गेली. आताशा ती कोणाशी फारसं बोलत नव्हती. दीपा सेविकेने कागद मोठ्याने वाचला. शेंगदाण्याची तपासणी केली, त्याची ॲलर्जी नाही. मुलीचं वजन घटलं आहे, दूध आणि अंडं पुन्हा सुरू करावं, मनाने काही बंद करू नये.

"सुटल्या बाई तुम्ही," दीपा म्हणाली. "आता तरी हसा."

"अजून काय लिवलं हाये?"

"नेहमीचंच. मलम लावा, नखं कापा. वासाचा किंवा औषधी साबण लावू नका, त्यानं कातडी सोलल्यासारखी होते..."

दीपा वाचता वाचता थांबली. दोघींनीही नळाकडे पाहिलं. कट्ट्यावर लाल वडी ओली होऊन पडली होती. वच्छलाबाई उठल्या, खुशीला जवळ घेऊन त्यांनी तिच्या बाह्या वर केल्या, मग फ्रॉक गुडघ्यावर सारला. मनगटापासून कोपरापर्यंत चट्टे होते, कोपराच्या वर कातडी चांगली होती. पायांवर गुडघ्यापर्यंत होते, वर नव्हते. ओठांभोवती होते. त्यांचा हात जिथे जिथे थांबत होता, तिथे चट्टाही थांबला होता.

"घरी तं ते साबण लावतच नाईत," दीपा हळूच म्हणाली. "अन् अंगणवाडीत औषधी साबण असन हे तिच्या सपनातबी नाई. बाई, गप राहा. उद्यापासून तिले निसतं पाणी लावा. कोणाले काई सांगायची गरज नाई."

वच्छलाबाईंनी तिचं ऐकलं. त्या दिवसापासून खुशीचे हात साध्या पाण्याने धुतले जाऊ लागले. पण त्याच सोमवारी निशिगंधेनेही घरात एक नियम केला होता. आजीने मुलीला घ्यायला जायचं नाही, हाताने काही भरवायचं नाही. शेजारची अंजू पोरीला घरी नेऊ लागली. बारा-तेरा दिवसांत खुशीची कातडी निवली, मनगट मऊ झालं, पोर रात्रभर झोपू लागली. निशिगंधेने वहीत हिशेब मांडला आणि तिचा निकाल पक्का झाला.

ती अंगणवाडीत आली आणि पहिल्यांदाच मुलीच्या तोंडाचा वास न घेता वच्छलाबाईंच्या पाया पडली.

"अर्ज वापस घेतला मी, मावशी. तुम्ही सांगतलं म्हणून समजलं. डॉक्टरले काय मालूम, बुढी बिस्कुटातून काय काय चारे ते. काही दिवस दारव्ह्याले नणंदेकडे पाठवून राह्यलो त्यायले. आजच जाऊन राह्यल्या."

"आज?"

"बाराच्या जीपनं."

वच्छलाबाईंना त्या पाया पडण्याची शरम वाटली. नाव पुन्हा स्वच्छ झालं होतं, पर्यवेक्षिकेकडची तक्रार मिटली होती, दोन वर्षं सुखाने निघाली असती. एक म्हातारी चार दिवस लेकीकडे जाते, त्यात काय मोठंसं, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. खिचडीला फोडणी दिली. ती करपली. सव्वीस वर्षांत त्यांची फोडणी करपली नव्हती.

त्या जीपच्या थांब्यावर पोचल्या, तेव्हा जीपवाला लालसिंग अजून दोन सवाऱ्यांसाठी ओरडत होता. खुशीची आजी मागच्या बाजूला, मांडीवर कापडी पिशवी धरून बसली होती. वच्छलाबाईंना पाहून ती सरकून बसली, त्यांनाही जायचं असेल असं तिला वाटलं.

"वच्छला, तूच सांग," ती म्हणाली. "दूध बंद, अंडं बंद. लेकराले भूक लागे वं. साधं बिस्कुट चारलं मी. सून ओरडन म्हणून तोंड पुसो. मी काय माह्या नातीले जहर देईन?"

वच्छलाबाई पुढं झाल्या. त्यांनी आजीची पिशवी उचलली, तिचा हात धरून तिला खाली उतरवलं आणि तशीच ग्रामपंचायतीत नेली. निशिगंधा कॉम्प्युटरसमोर बसली होती. वच्छलाबाईंनी कमरेच्या पिशवीतून लाल वडी काढून टेबलावर ठेवली.

"हे चारत होतो मी तुह्या पोरीले," त्या म्हणाल्या. "रोज तीन डाव. हाताले, तोंडाले, पायाले. कागदात लिवलं होतं, मी आयकलं. त्या दिसापासून बंद केलं म्हणून बरी झाली ती. तुह्या सासूचं काई नाई त्यात. अन् तिचं नाव मीच घेतलं होतं."

निशिगंधेने वडी उचलून नाकाशी नेली. हा वास तिच्या ओळखीचा होता. रोज दुपारी मुलीच्या अंगाला यायचा आणि तिला वाटायचं, पोर किती स्वच्छ आहे.

"कवापासून मालूम होतं तुम्हाले?"

"सोमवारी कागद वाचला तवापासून. चौदा दिस झाले."

कोणी कोणाला रागावलं नाही. आजीने आपली पिशवी घेतली आणि ती थांब्याकडे न जाता घराकडे चालू लागली. निशिगंधा तिच्या मागे गेली, पण दोन पावलं अंतर ठेवून. टेबलावर राहिलेली वडी वच्छलाबाईंनी पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली. वच्छलाबाई म्हणाल्या, "हात पुढं!" पण आवाज नेहमीसारखा खणखणीत निघाला नाही. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची बाटली निशिगंधेने स्वतः आणली होती. इतर पोरांना साधा साबण लागायच्या आधी खुशीला धुवायचं, असं ठरलं. वच्छलाबाई मुलीकडे वळल्या, तेवढ्यात निशिगंधा म्हणाली, "थांबा मावशी. तुमचा हात पाहू."

तिने वच्छलाबाईंचा हात हातात घेतला, वाकली आणि तळव्याचा वास घेतला. मग दुसऱ्या हाताचा. पोरं टकमक बघत होती. दीपाने मान वळवली.

"ठीक हाये," निशिगंधा म्हणाली आणि मुलीला सोडून कामावर गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दारात आली, तेव्हा रांग लागलेली होती. पंचवीस-तीस हात पुढे होते. रांगेच्या शेवटी वच्छलाबाई उभ्या होत्या, पदर खोचून, पाठ ताठ ठेवून, आणि कोणी सांगायच्या आधीच त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरले होते.